अमरत्वाची मागील बाकी

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या माणसाला अमर होण्याची कुठलीही योजना सांगा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "वर्गणी किती?" दुसरा प्रश्न जरा आवाज खाली घेऊन येतो: "मेल्यावर बी भरा लागते का जी?"

हे दोन्ही प्रश्न अडाणी नाहीत. अमेरिकेत मेलेली माणसं गोठवून ठेवणाऱ्या संस्थांचा साठेक वर्षांचा इतिहास म्हणजे याच दोन प्रश्नांची ठेचा खात शोधलेली उत्तरं आहेत. लोकांना वाटतं, तिथे पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ मृत्यूशी दोन हात करत असतील. करतही असतील, सवड मिळाली तर. रोजचा दिवस मात्र थकबाकीची पत्रं, पत्त्यातले बदल, नॉमिनीची सही आणि टाकीत नायट्रोजन किती उरला याची नोंद, यातच जातो. मी उमेदीची वर्षं एका पतसंस्थेच्या सचिवपदावर घालवली. त्यामुळे या संस्थांविषयी वाचताना इतरांचं लक्ष टाकीतून निघणाऱ्या वाफेकडे जातं, माझं जातं टाकीशेजारच्या रजिस्टरकडे.

आधी योजना थोडक्यात. माणूस मेला, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, की लगेच त्याला बर्फात घालायचं, रक्त काढून त्याजागी न गोठणारं एक द्रावण भरायचं आणि हळूहळू उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचं. पुढे कधीतरी विज्ञान इतकं वाढेल, की त्याचा मूळ रोगही बरा होईल, गोठवताना झालेली मोडतोडही दुरुस्त होईल आणि माणूस उठून बसेल. तोवर थांबायचं. रक्त काढून द्रावण कशाला, हे संत्र्याच्या मुलखात समजावायला सोपं आहे. आख्खं संत्रं फ्रीजरमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढून, नरमल्यावर सोला. आतल्या पाण्याचा बर्फ होताना त्याने फोडीतल्या रसाच्या बारीक पिशव्या फाडलेल्या असतात. हातात येतो तो लगदा. माणसाच्या पेशींचं तसं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. तो कितपत साधतो याचा निकाल लागायला गिऱ्हाईक उठून बसावं लागतं, आणि आजवर एकही उठलेलं नाही. सचिवाच्या दृष्टीने यात मोठी सोय आहे. तक्रारपेटी रिकामी राहते.

आता वर्गणी. पहिला माणूस गोठवला गेला १२ जानेवारी १९६७ ला, कॅलिफोर्नियात. जेम्स बेडफर्ड, मानसशास्त्राचे प्राध्यापक. ज्या क्रायोनिक्स सोसायटीने हे केलं तिचा अध्यक्ष रॉबर्ट नेल्सन हा पेशाने टीव्ही दुरुस्त करणारा. माणूस उत्साही. प्रत्येक गणेश मंडळात असा एक असतो. सगळं अंगावर घेतो आणि हिशेब खिशातल्या चिठ्ठीवर ठेवतो. नेल्सनने लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थच्या दफनभूमीत जमिनीखाली एक तळघर केलं आणि पुढची प्रेतं तिथे ठेवायला सुरुवात केली. नायट्रोजनचा खर्च कसा भागणार? तर मेलेल्याचे नातेवाईक पैसे पाठवत राहणार.

इथेच सौंसरमधली भिशी चालवणारी कुठलीही बाई त्याला हात धरून थांबवती. पहिल्या महिन्यात दुःख ताजं असतं, पैसे वेळेवर येतात. सहाव्या महिन्यात "पुढच्या वेळी दोन्ही मिळून देतो" सुरू होतं. वर्षश्राद्ध आटोपलं की फोन उचलणं बंद. नेल्सनने काही काळ पदरमोड केली, मग नायट्रोजन भरणंच थांबलं, आणि हे कोणाला सांगायचं धैर्य त्याला झालं नाही. १९७९ मध्ये बोभाटा झाला तेव्हा नऊ प्रेतांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे कोर्टकचेरी झाली आणि निकाल नेल्सनच्या विरोधात गेला. बेडफर्डसाहेब तेवढे वाचले, कारण घरच्यांनी त्यांना सुरुवातीलाच त्याच्या ताब्यातून काढून घेतलं होतं. मग या कंपनीकडून त्या कंपनीकडे, मधली काही वर्षं तर घरच्यांनी स्वतःच सांभाळले, असं करत ते शेवटी अल्कोर या संस्थेकडे आले. मेल्यानंतर त्या माणसाने जितकी बिऱ्हाडं बदलली तितकी आमच्याकडे बदलीच्या नोकरीतला तहसीलदारही बदलत नाही.

या प्रकरणानंतर धंद्याचा नियम पक्का झाला: पैसे आधी. आज दोन जुन्या आणि मोठ्या संस्था आहेत. अल्कोर १९७२ ची, आता अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेलला. दुसरी क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट, १९७६ ची, मिशिगनमधली. इन्स्टिट्यूटचा दर २८ हजार डॉलरपासून. अल्कोर आख्ख्या देहाचे दोन लाख डॉलरहून जास्त घेते. नुसतं डोकं ठेवायचं असेल तर ८० हजारांच्या आसपास काम होतं. बहुतेक सभासद आयुर्विमा काढतात आणि नॉमिनी म्हणून बायकोऐवजी संस्थेचं नाव लिहितात. घरात पहिली ठिणगी तिथेच पडते. आलेली रक्कम गुंतवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर नायट्रोजन. हे वाचलं आणि माझ्या मनात त्या अमेरिकनांविषयी आदर दाटून आला. मुद्दलाला हात न लावणारी संस्था मी फक्त उपविधीत वाचली होती.

नुसत्या डोक्याची सवलत मात्र आमच्याकडे कोणाला पटली नाही. शेजारच्या मामाजींची संत्र्याची बाग आहे, मृग बहार घेतात. त्यांनी विचार करून सांगितलं, "डोकं ठेवून काय करता, बाप्पा? संत्रे तोडाले हात लागते." मी म्हटलं, शास्त्रज्ञ नवं धड बनवून देतील. त्यावर मामाजी म्हणाले, "मंग डोकं बी नवंच मागा ना. जुन्यात काय ठेवलं आहे?"

आता टाकी. ही टाकी म्हणजे दुहेरी भिंतीचं भलंमोठं पोलादी भांडं, मधली हवा काढून टाकलेली. अल्कोरच्या एका मोठ्या टाकीत चार देह कडेने आणि मधल्या जागेत पाच डोकी मावतात. देह डोकं खाली, पाय वर असे ठेवतात. यामागचा विचार अस्सल सचिवाचा आहे. नायट्रोजन हळूहळू उडून जातो, म्हणजे भरायला उशीर झाला तर पातळी वरून खाली येणार. आधी पाय उघडे पडणार. पाय गेले तर पुढचं विज्ञान नवे देईल, डोकं गेलं तर ते पाय द्यायचे कोणाला? माणसाच्या हातून हयगय होणारच, हे गृहीत धरून ज्याने ही मांडणी केली त्याने नक्की कुठेतरी स्टॉक रजिस्टर सांभाळलं असणार.

आणि या टाकीला वीज लागत नाही. हे ऐकून आमच्याकडे सगळ्यांत जास्त माना डोलल्या. लाईट गेली तरी उणे १९६ ते उणे १९६. नायट्रोजनचा टँकर वेळच्या वेळी आला, की झालं.

विजेवर विसंबलं की काय होतं, ते फ्रान्समध्ये दिसलं. तिथल्या रेमों मार्तिनो नावाच्या डॉक्टरने १९८४ मध्ये वारलेल्या बायकोला आपल्या गढीच्या तळघरात साध्या विजेच्या फ्रीजरमध्ये ठेवलं. २००२ मध्ये तो स्वतः गेला, मुलाने त्यालाही शेजारी ठेवलं. २००६ मध्ये फ्रीजर बिघडला, आणि कळलं तोवर उशीर झाला होता. मुलाने दोघांनाही अग्नी दिला. बावीस वर्षं सांभाळलेलं अमरत्व बिघाड वेळेवर न कळल्याने संपावं, हे आमच्याकडे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. आता गावोगाव सामाजिक मंडळांनी शवपेटी घेतलेली असते. काचेचं झाकण, खाली कॉम्प्रेसर. पुण्याचं पोरगं पोचेपर्यंत वडिलांना तीत ठेवतात. रात्री दोनला लाईट जाते. रडणाऱ्यांच्या घोळक्यातून एक जण उठतो आणि दबक्या आवाजात फोन लावतो, "इन्व्हर्टर आन ना बे लवकर, बुढा गरम होऊन राह्यला." दुसऱ्या दिवशी पेटी परत करताना तीच पेटी न्यायला पुढचे लोक दारात उभे असतात, आणि किल्ली नेमकी कोणाकडे आहे यावरून मंडळाच्या अध्यक्षाला झोपेतून उठवावं लागतं. अल्कोरला यातलं सगळं करावं लागतं. फरक इतकाच, की त्यांचं पोरगं दोनशे वर्षांनी पोचणार आहे.

आता कागदपत्रं. इथे मी रमतो. संस्थेच्या रजिस्टरात टाकीतला माणूस रुग्ण म्हणून नोंदलेला असतो. कायद्याच्या कागदावर मात्र ते देहदान असतं. एरवी कोणी प्रेत ताब्यात देणार नाही. मिशिगन सरकारने २००३ मध्ये इन्स्टिट्यूटची चौकशी आरंभली, की हे नक्की आहे काय, आणि शेवटी तिची नोंद दफनभूमी म्हणून केली. एकच माणूस, तीन खाती: दवाखान्यात भरती, वैद्यकीय शाखेला दान आणि स्मशानात दफन. आमचा लेखापरीक्षक असता तर तिन्ही खात्यांचा ताळमेळ लागेपर्यंत त्याने चहासुद्धा घेतला नसता.

त्यातून सभासदाचा पत्ता अद्ययावत हवा. सौंसरात ही संस्था निघाली असती तर एवढ्याच कामाला एक पूर्णवेळ कारकून लागला असता. १९५६ च्या आधी जन्मलेल्या आमच्या माणसाची राजधानी नागपूर होती. एक नोव्हेंबरला सकाळी उठला तर भोपाळ झाली. जिल्हा छिंदवाडा, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा झाला. ही सगळी उलथापालथ माणूस जागा असताना. तो दोनशे वर्षं झोपला तर कुठल्या राज्यात उठेल, हे सांगण्याची हिंमत कुठला पटवारीही करणार नाही. उठल्यावर आधी समग्र आयडीची केवायसी. बोटांचे ठसे जुळणार नाहीत, कारण बोटं नवी. पेन्शन सुरू करायची तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. बँकेतली मुलगी पडद्याकडे बघून सांगणार, "काकाजी, तुम्ही इथे मृत दाखवता."

हे गमतीचं वाटेल त्यांनी आझमगढच्या लालबिहारींची हकीगत आठवावी. जमिनीसाठी नातेवाइकांनी १९७५ मध्ये त्यांना कागदोपत्री मारलं. जिवंत असल्याचं सरकारला पटवायला त्यांना १९९४ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला. मेलेल्यांची सभासद-संस्था म्हटली तर भारतातली सगळ्यांत भक्कम हीच. एकही दिवस न गोठलेल्या, चालत्याबोलत्या माणसाला जिवंत व्हायला एकोणीस वर्षं लागली. उणे १९६ वरून आलेल्याने तहसीलात डबा घेऊनच जावं.

जमिनीचा विषय निघालाच आहे. आमच्याकडे तेरावी होते न होते तोच पोरं पटवाऱ्याकडे फौती नामांतरणाचा अर्ज देतात. बाप टाकीत असला तरी अर्ज थांबणार नाही. बागेला पाणी कोणी द्यायचं? अमेरिकेतले भाऊबंदही काही निराळे नाहीत. आयोवातल्या ऑर्व्हिल रिचर्डसन नावाच्या गृहस्थाने डोकं ठेवण्याचे पैसे अल्कोरकडे आधीच भरले होते. २००९ मध्ये तो वारला तेव्हा भावाबहिणीने संस्थेला न कळवता त्याला पुरून टाकलं. अल्कोर कोर्टात गेली, आणि २०१० मध्ये वरच्या कोर्टाने प्रेत उकरून संस्थेला द्यायला सांगितलं. टेड विल्यम्स हा तिकडच्या बेसबॉलमधला गावसकरच म्हणा. तो २००२ मध्ये गेला तेव्हा त्याला गोठवण्यावरून मुलांमध्ये जुंपली. त्याच्या इच्छेचा पुरावा म्हणून पुढे आला एक हाताने लिहिलेला कागद, त्यावर गाडीच्या तेलाचे डाग. आमच्या नोटरीने तो कागद घेतला असता, फक्त वरून शंभराचा स्टँप लावा म्हणाला असता. रशियात तर थेट अशा संस्थेच्या संस्थापक नवरा-बायकोचाच काडीमोड झाला आणि २०२१ मध्ये टाक्या ट्रकवर चढवून नेण्यापर्यंत मजल गेली. पोलिसांनी ट्रक अडवला. घटस्फोटात भांडी वाटून घेताना मी पाहिली आहेत. माणसं भरलेली भांडी वाटून घेतात, हे नवं.

या सगळ्या चळवळीचे जनक रॉबर्ट एटिंगर. मिशिगनचे, पदार्थविज्ञान शिकवणारे. इन्स्टिट्यूटमध्ये १९७७ मध्ये पहिली दाखल झाली ती त्यांची आई. पुढे पहिली पत्नी, मग दुसरी पत्नी, आणि २०११ मध्ये ते स्वतः. उठल्यावर वटपौर्णिमेला कोणी कोणत्या झाडाला दोरा बांधायचा, हे संस्थेच्या नियमावलीत नाही. चूक आहे. पोटनियम हवा.

सभासद शेवटच्या घटका मोजू लागला, की संस्थेची माणसं बर्फ आणि यंत्रं घेऊन उशाशी तयार राहतात. जितका उशीर तितका मेंदूचा नास, म्हणून ही घाई. सभासदांच्या हातात कडं असतं, त्यावर संस्थेचा नंबर. त्यांना सगळ्यांत जास्त भीती दोन गोष्टींची: पोस्टमॉर्टेम आणि डोक्याला मार. म्हणजे पांढुर्ण्याला शाखा काढायची सोय नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहून दगडांची गोटमार खेळतात, काठावर अ‍ॅम्ब्युलन्स आणि डॉक्टर आधीच हजर. तयारीत आपण कमी नाही. पण ज्या गावात वर्षातून एकदा नेमकं डोकंच धोक्यात घालण्याची परंपरा आहे, तिथे डोकं जपण्याची पॉलिसी कुठला एजंट विकेल?

गोटमारीची कथा सांगतात ती त्याच नदीत दगडांखाली गेलेल्या प्रेमिकांची. त्यांच्या मरणाची जत्रा झाली. हे फक्त आमच्याकडेच होतं असं मला वाटायचं. मग कोलोरॅडोतल्या नेडरलँडचं कळलं. ब्रेडो मोर्स्टोल नावाचे एक आजोबा १९८९ मध्ये नॉर्वेत वारले. नातवाने त्यांना अमेरिकेत आणून या डोंगरगावात एका शेडमध्ये सुक्या बर्फात ठेवलं. नातवाला व्हिसावरून देश सोडावा लागला, आजोबा राहिले. गावाने घरात प्रेत ठेवायला बंदी घालणारा नियम केला, पण आजोबा आधीपासूनचे म्हणून त्यांना वगळलं. मग माणूस लावून बर्फ भरत राहिले, आणि २००२ मध्ये गावाने आजोबांच्या नावाने उत्सवच सुरू केला: शवपेट्यांच्या शर्यती, गाणीबजावणी, खाण्याचे ठेले. गाव कुठलंही असो, मेलेल्याभोवती शेवटी भजी तळली जातातच.

चिरंजीव होण्याची हौस आम्हाला नवी नाही. सौंसरच्या बाजूलाच जामसावळीला साक्षात चिरंजीव मारुतीराय पिंपळाखाली पहुडलेले आहेत. फॉर्म नाही, वर्गणी ऐच्छिक. आणि वर्गणी न भरता अमर झालेला अश्वत्थामाही ठाऊक आहे, जखमेला तेल मागत हिंडणारा. देखभालीची तरतूद न करता मुदतीविना ठेव स्वीकारली की असं होतं.

राहिला उणे १९६ वरून परत येण्याचा मुद्दा. त्याचा प्रयोग आमच्या तहसीलीत रोज चालतो, आणि यशस्वी होतो. एटिंगरना कल्पना सुचली ती फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ रोस्ताँ यांच्या कामावरून. त्यांनी बेडकाचं वीर्य ग्लिसरीन घालून गोठवून पाहिलं होतं. त्याच कल्पनेच्या दोन वाटा झाल्या. एक गेली माणसांकडे, दुसरी गुरांकडे. ज्या १९६७ मध्ये बेडफर्ड गोठले, त्याच साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बाएफची स्थापना केली, आणि पुढे या संस्थेने कृत्रिम रेतन गावोगाव पोचवलं. आज भोपाळच्या भदभद्यात वळूंचं वीर्य गोठवतात, आणि आमचा मैत्री कार्यकर्ता, म्हणजे कृत्रिम रेतन करणारा, ज्याला गाव सरसकट डॉक्टर म्हणतं, मोटरसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधून फिरतो. कंटेनरचं झाकण काढलं की पांढरी वाफ जमिनीवर पसरते, पोरं मागे सरकतात. चिमट्याने एक बारीक नळी वर काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, गायीला लावायची. त्या नळीचा वळू कधीच मेलेलाही असू शकतो. नऊ महिन्यांनी त्याचं लेकरू गोठ्यात उभं. ज्यासाठी तिकडे दोन लाख डॉलर भरून लोक उलटे टांगले गेले आहेत, ते गड्याने इथे फडक्याला हात पुसत करून दाखवलं.

आमच्या मामाजींच्या गायीचंही असंच झालं. वासरू पाहायला मी गेलो होतो. टवटवीत, कान टवकारलेलं. मी भारावून काही बोलणार, तेवढ्यात मामाजी डॉक्टरवर घसरले, "गोऱ्हाच झाला ना जी! आता ट्रॅक्टरच्या जमान्यात याचं काय करू मी?" डॉक्टरने कंटेनरचं झाकण लावलं आणि शांतपणे सांगितलं, की बहुतेक कालवडच होईल अशी नळी आता निघाली आहे, पुढच्या खेपेला ती लावू, फक्त पैसे आधी लागतील.